मोठ्या टाइपातली सार्थ गाथा: डायलिसिसच्या खुर्चीशेजारी वाचताना

तुकोबांची सार्थ गाथा विकत घ्यायची असेल तर दुकानात ती आधी मधोमध उघडून काउंटरवर ठेवा आणि हात काढून घ्या. पानं आपोआप मिटली तर ती प्रत परत द्या. कागद कसा, मुखपृष्ठ कसं, प्रस्तावना कुणाची, हे सगळं नंतर बघा. मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण माझी प्रत देवघरात ठेवण्यासाठी घेतलेली नव्हती. ती डायलिसिस सेंटरमध्ये वाचायला घेतली होती, आणि तिथे पुस्तक धरायला दोन हात मोकळे नसतात.

माझी थोरली बहीण, अक्का, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, ती मशीनला जोडलेली असते. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी. त्यात दोन जाड सुया घालतात. एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून स्वच्छ होऊन परत येतं. तो हात हलवायचा नाही. उजव्या हाताने साडेआठशे पानांचं पुस्तक पेलवत नाही. मी प्रुफं तपासून पोट भरतो, माझं काम कुठेही बसून होतं, म्हणून तिच्यासोबत मीच जातो. सुरुवातीला ती समोरचा टीव्ही बघायची, नंतर डोळे मिटून पडून राहायची. एक दिवस म्हणाली, "अरे, काहीतरी वाच ना. पण असं वाच की जे मला धीर धरा, धीर धरा करणार नाही."

मी दोन-तीन गोष्टी वाचून पाहिल्या. आजारपणावरची उभारी देणारी पुस्तकं तिला पहिल्या प्रकरणातच नकोशी झाली. मग मी पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात जाऊन ही गाथा आणली. सार्थ गाथा बरेच प्रकाशक काढतात आणि त्या दिसायला सारख्याच असतात, तेव्हा हे कुणा एका प्रकाशकाचं परीक्षण नाही. जाड पुठ्ठ्याची, मोठ्या टाइपातली, प्रत्येक अभंगाखाली अर्थ दिलेली जी गाथा असते, तिच्याविषयी मी लिहितोय. माझ्या प्रतीला साडेपाचशे रुपये पडले.

पहिली प्रत बदलून घ्यावी लागली. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा, दोनदा लागला होता आणि पुढचा फर्मा गायबच. बाइंडिंगच्या वेळी अशा चुका होतात, मी व्यवसायात असल्याने मला नवल वाटलं नाही. पण ज्याला या गोष्टी माहीत नाहीत त्याला महिनाभराने लक्षात येणार, आणि तोवर बिल हरवलेलं असणार. दुकानदाराने तक्रार न करता दुसरी प्रत दिली. घेताना पानांचे आकडे सलग आहेत ना, एवढं चाळून बघा. दोन मिनिटं लागतात.

दुसरी प्रत शिलाईची निघाली, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेले. नुसत्या गोंदावर चिकटवलेली जाड पुस्तकं वर्षभरात मधून फाटतात आणि मुख्य म्हणजे उघडी राहत नाहीत. शिलाईची गाथा अक्काच्या मांडीवरच्या उशीवर सपाट बसते. मी बाजूच्या स्टुलावरून वाकून वाचतो आणि तिलाही ओळी दिसतात. टाइप चांगला ठसठशीत आहे, सोळा पॉइंटच्या आसपास. अर्थाचा टाइप त्याहून बराच बारीक. कागद पातळ आहे, मागच्या पानाची शाई थोडी आरपार दिसते. सेंटरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ते जाणवतं, पण वाचन अडत नाही. समास मात्र कंजूष सोडलाय. पेन्सिलीने काही लिहायचं तर जागा नाही.

आता छपाईबद्दल एक गोष्ट, जिच्यावर माझा फार जीव आहे. मोठा अभंग नावाचा जो छंद आहे, त्याची ओळ चार तुकड्यांनी चालते. पहिले तीन साधारण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यांचं यमक जुळतं. "रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन" हे मोठ्याने म्हणून बघा. प्रसंग आणि जग यांचा आवाज जुळतो, आणि नंतर 'आणि मन' हा आखूड तुकडा येऊन श्वास संपतो. लढाई बाहेर चाललीय असं वाटत असताना शेवटच्या चार अक्षरांत ती आत येते. जुळणी करणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी ओळ भलतीकडे तोडली, तर वाचणाऱ्याचा श्वासही भलतीकडे तुटतो. माझ्या आवृत्तीत बहुतेक ठिकाणी ओळी नीट तोडल्या आहेत, याबद्दल त्या अनोळखी जुळणीकाराचे मनापासून आभार. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, काही अनुस्वार उडाले आहेत, एका ठिकाणी चरणच्या चरण पुन्हा छापलाय. पण मूळ अभंगांत त्या अर्थाच्या भागापेक्षा कमी आहेत. कुणीतरी मूळ संहिता डोळ्यांत तेल घालून वाचली असावी.

अभंगांचे क्रमांक हा गोंधळाचा विषय आहे, आधीच सांगून ठेवतो. मुंबई सरकारने 24,000 रुपये खर्चून विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडून गाथा संपादित करून घेतली. तिचा पहिला भाग 1869 मध्ये आणि दुसरा 1873 मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून निघाला. तिच्यात साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत. पुढे मराठी साहित्याचे अभ्यासक वि. ल. भावे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वेगळी गाथा छापली. प्रत्येक परंपरेचा क्रम निराळा. त्यामुळे कीर्तनात ऐकलेला अभंग क्रमांकावरून शोधायला जाऊ नका. शेवटी पहिल्या चरणांची अकारादी सूची आहे का, हे बघूनच प्रत घ्या. माझ्या प्रतीत आहे, आणि सगळ्यात जास्त मळलेली पानं तीच आहेत.

हे झालं पुस्तकाच्या देहाचं. आता जे सांगायला बसलो ते.

आम्ही सुरुवात पहिल्या पानापासून केली नाही. अक्काने शाळेत चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेला, तिचा हुकूम सरळ असतो. "तुकारामांवर काय गुदरलं ते त्यांच्याच तोंडून ऐकव आधी." म्हणून सूचीतून "याति शूद्र" काढला. हा अभंग तुकोबांनी संतांच्या आग्रहावरून सांगितला. सांगण्याजोगं नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून तुमचा शब्द पाळतो, असं ते सुरुवातीलाच म्हणतात. मग एकेक गोष्ट येते. आईवडील गेले. दुष्काळाने पैसा आटला, मान गेला. "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली." 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. पहिली बायको रखमाबाई त्यात गेली. धंद्यात तूट आली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

मी इथे थांबलो. अक्का म्हणाली, "थांबलास का? तो थांबला नाहीये."

आणि खरंच, पुढे जे येतं त्यासाठी मला ही गाथा कुणाच्याही हातात द्यावीशी वाटते. एवढं सगळं कोसळल्यावर तुकोबांनी काय केलं, त्याचा क्रम त्या अभंगात लिहून ठेवलाय. पडझड झालेलं देऊळ होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन करू लागले, आणि आधी अभ्यासात चित्तच नव्हतं हेही सांगून टाकतात. मग "कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां." स्वतःची कविता अजून कुठेच नाही. आधी दगड-मातीचं काम, मग दुसऱ्यांच्या कविता तोंडपाठ करणं, आणि कवित्वाची स्फूर्ती नंतर. पुढे त्या कवितेलाही विरोध झाला, वह्या बुडवाव्या लागल्या, धरणं धरून बसावं लागलं. इंद्रायणीतून वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तुकोबा स्वतः इथे मोजकं बोलतात. वह्या बुडवल्या, धरणं धरलं, नारायणाने समाधान केलं. पुढे निघतात.

संकटात माणसाने श्रद्धेकडे वळावं असं सगळेच सांगतात. वळायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे या एका अभंगात मिळालं तसं मला दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं. आपले शब्द आटतात तेव्हा दुसऱ्याचे पाठ करा. अक्काने त्याच दिवशी ठरवलं की दर आठवड्याला एक अभंग पाठ करायचा. डायलिसिसच्या रुग्णाला रात्री झोप धड लागत नाही, पाय तळमळतात, दिवा लावला तर घरातले उठतात. पाठ असलेल्या अभंगाला दिवा लागत नाही, चष्मा लागत नाही आणि हातही लागत नाही. शिक्षिका असल्याने ती पाठांतर शास्त्रशुद्ध करते. पहिले दोन चरण, मग चार, मग पूर्ण, आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर म्हणून दाखवते. अडखळली तर मी सांगायचं नाही असा नियम आहे.

आता 'सार्थ' या भागाबद्दल. इथे माझं आणि बऱ्याच वाचकांचं पटणार नाही.

अर्थ द्यायला हवाच. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची भाषा आहे, काही शब्द आज कळत नाहीत, आणि ज्याने आयुष्यात गाथा उघडली नाही त्याला आधार लागतो. पण माझ्या आवृत्तीतला अर्थ लिहिणारा फार घाईने सगळं शांत करून टाकतो. उदाहरण सांगतो. "माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल" असा एक अभंग आहे. त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आमचं तुटलं, असं तुकोबा तिथे म्हणतात. खाली बारीक टाइपात अर्थ येतो की इथे भक्त-देव हा भेद मावळून अद्वैताचा अनुभव व्यक्त झाला आहे. असेलही. वारकरी परंपरेत या अभंगाकडे असं पाहणारे जाणकार आहेत आणि त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. पण सुई टोचलेल्या हातासमोर बसून मी तो अभंग वाचला, तेव्हा मला भेद मावळल्याचं ऐकू आलं नाही. एक माणूस रागाने दार लावून घेतोय, एवढंच ऐकू आलं.

अक्काचं म्हणणं आणखी वेगळं. तिची देवावर श्रद्धा आहे, माझं अजून ठरलेलं नाही. ती म्हणाली, "तो मेला म्हणतोय आणि पान उलटलं की परत त्याच्याशीच बोलतोय. भांडण खरंच तुटलं असतं तर बोलला असता का? अर्थ नकोच वाचूस तू. अभंग वाच, आणि मग गप्प बस." तेव्हापासून आमची हीच पद्धत आहे. मूळ अभंग दोनदा वाचायचा, थांबायचं, आणि एखादा शब्द अडलाच तरच खाली बघायचं. ज्यांना ही गाथा आजारपणात, शोकात, नोकरी गेल्यावर, कुठल्याही अडचणीत वाचायची आहे त्यांनी हे करून पाहावं. आधी अर्थ वाचलात तर तुकोबांचा राग, लाचारी, रडणं तुमच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच कुणीतरी त्याची समजूत घातलेली असते.

कारण या गाथेचं सगळ्यात मोठं बळ तिथे आहे. तिच्यातली श्रद्धा नीटनेटकी नाही. एका पानावर "मन करा रे प्रसन्न", दुसऱ्या पानावर सुख जवापाडे आणि दुःख पर्वताएवढं. एकीकडे दिवाळं निघालं, दुष्काळाने पिडलं, हे बरंच झालं म्हणतात, कारण त्यामुळे तुझं चिंतन राहिलं. दुसरीकडे याच देवाला निर्दय म्हणायला कचरत नाहीत. रुग्णालयांच्या भिंतींवर, कॅलेंडरवर आणि सकाळच्या मेसेजमध्ये यातली फक्त पहिली बाजू येते. एकटी "मन करा रे प्रसन्न" ही ओळ ज्याचं मन प्रसन्न होऊच शकत नाही त्याला टोचते. तीच ओळ युद्धाच्या प्रसंगाशेजारी वाचली की विश्वास बसतो, कारण म्हणणारा स्वतः त्या लढाईत उभा आहे हे कळतं. म्हणूनच निवडक अभंगांच्या छोट्या पुस्तिकांपेक्षा पूर्ण गाथा घ्या असं मी म्हणेन. निवडणाऱ्याने बहुतेक वेळा भांडणं गाळलेली असतात.

काही अभंग मात्र सांभाळून वाचावे लागतात. "बाप मेला न कळतां" हा त्यातला. बाप, बायको, पोर, आई, एकेकाचं मरण आणि प्रत्येकाशेवटी बरं झालं, चिंता हरली असा सूर. अक्काने तिसऱ्या चरणावर हात वर केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली की हे बरं झालं म्हणणाऱ्याचे दात आवळलेले आहेत, आणि आज नको. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण मुलगा असतो, त्याची आई सोबत येते. ती ऐकत होती. त्या दिवसापासून मी आवाज खाली ठेवून वाचतो आणि असा एखादा अभंग येणार असेल तर आधी डोळ्यांनी वाचून घेतो. ज्यांच्या घरात नुकतंच मूल गेलंय त्यांना ही गाथा भेट देणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. तो अभंग त्यांना कधीतरी त्यांचा त्यांनाच सापडावा, तुम्ही उघडून दाखवू नये.

याच्या उलटही घडलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. दोन खेपांच्या मध्ये जितकं पाणी अंगात साठेल तितकं मशीनने काढायचं, आणि जास्त काढलं की रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात. उन्हाळ्यात अक्का बर्फाचा एक तुकडा तोंडात धरून संध्याकाळ काढते. अशा एका मे महिन्यात "कन्या सासुऱ्यासी जाये" वाचत होतो. सासरी निघालेली मुलगी मागे वळून पाहते, आई चुकलेलं बाळ हुरहुरतं, आणि शेवटी "जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी." मी वाचून गेलो आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय वाचलं. अक्का मोठ्याने हसली. इतकी की नर्स बघायला आली. "सिस्टर," ती म्हणाली, "हे बघा, माझी तक्रार चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलीय कुणीतरी." हा अभंग मी शाळेपासून ऐकत आलो. पाण्यावाचून तळमळणं ही गोष्ट शरीराची असते, हे मला तिच्या सुकलेल्या ओठांकडे बघताना कळलं. देवाच्या भेटीची तहान आणि घोटभर पाण्याची तहान एकाच ओळीत बसतात, आणि तिने त्यांतली कुठली ऐकली हे मी विचारलं नाही.

आता एक भाग, जो मी तिला वाचून दाखवलेला नाही.

गाथेच्या बहुतेक आवृत्त्यांत तुकोबांचे धाकटे भाऊ कान्होबा यांचेही अभंग असतात. खूण सोपी आहे, शेवटी "तुका म्हणे" ऐवजी "तुकयाबंधु म्हणे" येतं. 1650 मध्ये तुकोबा गेले. बाकी जगाने त्यांचं वैकुंठगमन झालं असं म्हटलं. धाकट्या भावासाठी थोरला भाऊ घरातून नाहीसा झाला होता. "दुःखें दुभागलें हृदयसंपुट । गहिंवरें कंठ दाटताहे." हे अभंग मी रात्री घरी एकटा वाचतो. त्यांत कान्होबा विठ्ठलाला धमक्या देतात. माझा भाऊ परत आणून दे, नाहीतर तुझं काही खरं नाही, अशा भाषेत. वाटण्या झाल्या तेव्हा घराण्याचे कर्जाचे कागद दोघा भावांत अर्धे-अर्धे झाले आणि तुकोबांनी आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडून दिले, असं संतचरित्रकार महिपतींच्या लिखाणातून आपल्याला माहीत आहे. कान्होबांनी आपला वाटा ठेवून घेतला होता. म्हणजे हा हिशेबी माणूस, प्रपंच सांभाळणारा. तो शोकात कवी झाला. देवाशी भांडायची रीत तो थोरल्या भावाकडून शिकला होता आणि ती त्याने त्याच देवावर वापरली.

आजारी माणसाच्या जवळच्यांसाठी पुस्तकं फार कमी आहेत. सोबत करणाऱ्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तर द्यायची सोय नसते, कारण दुखणं त्याचं नसतं. मला ती जागा कान्होबांच्या या थोड्या अभंगांत मिळाली. मी श्रद्धाळू आहे की नाही हे मला ठरवावं लागलं नाही. देवावर ओरडता येतं, यासाठी आधी त्याला मानावं लागतं का, या प्रश्नात मी अजून आहे, आणि गाथा मला घाई करत नाही.

बाकी पर्यायांबद्दल थोडक्यात. मोबाइलवर गाथा फुकट मिळते आणि शोधायला सोयीची आहे, पण सेंटरमध्ये फोन हातात आला की मेसेजही येतात, आणि अक्काला माझ्या नजरेसमोरून ओळी दिसत नाहीत. ऐकायचे अभंग सुंदर आहेत, घरी आम्ही ऐकतो. फक्त गायकाचा वेग आपला नसतो, चरण संपल्यावर थांबता येत नाही. अर्थाशिवायची नुसती मूळ गाथा हलकी आणि स्वस्त असते, ज्यांना ही भाषा सरावाची आहे त्यांनी तीच घ्यावी. ज्येष्ठांसाठी मात्र मोठ्या टाइपाला पर्याय नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला बारीक टाइपाची गाथा भेट देऊ नका, ती फक्त पूजेत राहते.

आणि गाथेकडून औषधाचं काम मागू नका. अक्काचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते दाखवणारा रक्तातला आकडा, अभंगांनी उतरत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी, मीठ, गोळ्या यांत आम्ही बदल करत नाही. कुणी दुःखाने खचून जेवण-झोप सोडून बसला असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या, पुस्तक सोबत असू द्या.

पाचपैकी चार तारे. एक तारा अर्थाच्या भागासाठी कापला.

प्रकाशकांनी हे वाचलं तर तीन विनंत्या. पुढच्या आवृत्तीत अर्थ अभंगाखाली न देता पुस्तकाच्या शेवटी द्या, म्हणजे वाचणारा आधी तुकोबांसमोर एकटा उभा राहील. समास अर्धा इंच वाढवा, पानं वाढली तरी चालतील, आम्ही पन्नास रुपये जास्त देऊ. आणि सूचीत "तुकयाबंधु" असा वेगळा मथळा घाला. मला ते अभंग पान उलटत उलटत शोधावे लागले, आणि ज्याला त्यांची गरज पडते त्याच्याकडे त्या वेळी शोधायचं त्राण नसतं.